भुजंग सरांच्या घोड्याची सावली

भुजंग सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते शाळेच्या गच्चीवर उभे होते. आठवीतल्या एका मुलीला विचारत होते, गावचा बाजार तुझ्या कोणत्या हाताला आहे. तिनं उजवा हात वर केला. सर म्हणाले, "आता मागं वळ." ती वळली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तिनं पुन्हा उजवाच हात वर केला. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"बघा. बाजारच हिच्यासंगं फिरून राह्यला."

क्षणभर मलाही उजवाच वाटला होता.

हे १९९४ सालचं. मी मराठीत एम.ए. करून जालन्याहून हसनाबादच्या बाजूला एका शाळेत शिकवायला आलो होतो. भुजंग सर तिथं भूगोल शिकवत. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. घरची शेती भाऊ बघत होते. राहायला मला त्यांच्याच अंगणापलीकडची खोली मिळाली, आणि संध्याकाळच्या चहावर आमची दोस्ती झाली. दोस्ती म्हणजे ते बोलत आणि मी थक्क होत असे. साहित्य हा विषय आहे असं त्यांना पटलेलं नव्हतं. एकदा मी मुलांना शिकवायची एक कविता त्यांना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली. मग म्हणाले, यात पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री उगवून राह्यला, याचे मार्क कुणी कापले का?

त्यांचं दुःख एकच होतं. मुलं भूगोल पाठ करतात. काळी मृदा ओलावा धरून ठेवते, असं लिहिणाऱ्या मुलाच्या चपलेला ती मृदा चिकटलेली असते, पण खाली बघायचं त्याला सुचत नाही. परीक्षेतही तेच. टिपा लिहा, कारणे द्या. कारणं पुस्तकातली, टिपा गाइडातल्या. सरांना वेगळी परीक्षा घ्यायची होती. मुलांसमोर नकाशा ठेवायचा, पावसाचा आलेख ठेवायचा, कधी न पाहिलेला एक फोटो ठेवायचा आणि म्हणायचं, यात काय दिसतं ते सांग.

मुख्याध्यापक नरहर आष्टीकर सज्जन होते, पण निकालाला भीत. मी येण्याआधी दोन वर्षं त्यांनी नाही म्हटलं. तिसऱ्या वर्षी कंटाळून एक अट घातली. आठवीच्या सहामाहीत वीस गुण या नव्या प्रश्नांना द्या. निम्मी मुलं पास झाली तर वार्षिक परीक्षेलाही ठेवू. नाही झाली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

सरांनी अट मान्य केली. शाळेत सगळ्यांना ती ठाऊक झाली. सगळ्यांत जास्त रस मच्छिंद्रला. तो शाळेचा कारकून आणि सरांच्या बायकोचा, नंदाबाईंचा धाकटा भाऊ. दाजी पडतात की तरतात, हे बघायला तो रोज एकदा तरी शिक्षकांच्या खोलीत डोकावून जाई.

नकाशा सरांनी स्वतः काढला. आलेख तालुक्याच्या पावसाचा केला. अडलं ते फोटोवर. पुस्तकातल्या फोटोंखाली नावं छापलेली. मुलांना ती पाठ. भोकरदनच्या स्टुडिओत चौकशी केली, तर तिथं सगळे फोटो माणसांचे, मागे पडद्यावर रंगवलेला ताजमहाल. शेवटी सरांनी घरच्या भिंतीवरची फ्रेम उतरवली.

फोटो त्यांच्या लग्नातला होता. साल १९८१, मे महिना, गाव नंदाबाईंचं माहेर, जाफराबादजवळचं. लग्न लागण्याआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो, आमच्याकडे त्याला परण्या म्हणतात. तो परण्या मारुतीच्या देवळासमोर थांबला असताना काढलेला फोटो. घोड्यावर सर, मुंडावळ्या आणि बाशिंगात तोंड हरवलेलं. बाजूला बँडवाले. मागं निष्पर्ण झाडं आणि मातीच्या सपाट धाब्याची घरं. सरांना तो पसंत पडला, कारण देऊळ स्पष्ट होतं. त्या गावाचा नकाशा त्यांनी प्रश्नपत्रिकेवर काढून दिला, देवळाचं दार दक्षिणेला दाखवलं. आता मुलांनी सांगायचं, कॅमेरा कोणत्या दिशेला बघतोय, ऋतू कोणता, अशी छपरं असतील तर पाऊस किती पडत असेल. शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त गुणांचा, तो चुकला तर पास होणं कठीण. दिवसाची वेळ कोणती, कशावरून?

नंदाबाईंनी रिकामी भिंत पाहिली. "अख्ख्या वर्गाला माझा नवरा घोड्यावर दाखवता का?"

"तोंड दिसत न्हाई," सर म्हणाले.

"मंग बरंय."

त्या फोटोवरून घरात एक जुना वाद होता, तो मला येऊन आठवडा झाला नाही तोच कळला होता. लग्नाचा मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. लग्न लागलं दिवेलागणीला. उशीर कुणामुळे? सर म्हणत, मी बाराला मारुतीच्या दारात घोड्यावर होतो, पुढचा घोळ तुमच्या लोकांचा. नंदाबाई म्हणत, वरातच पाचला आली, माझ्या बानं केलेलं जेवण गार झालं. तेरा वर्षं हा वाद दर उन्हाळ्यात निघे. कुणाच्या घरून पत्रिका आली की निघे. मच्छिंद्र बहिणीच्या बाजूनं साक्ष देई, आणि सर म्हणत, तू तेव्हा चड्डीत होतास.

परीक्षेच्या दिवशी फ्रेम फळ्याखाली टेबलावर उभी केली. मुलं रांगेनं येऊन बघून जात. एका मुलानं फ्रेमच्या मागंही पाहिलं. सर दारात उभे होते, आणि त्यांच्याकडे बघून घोड्यावरचा माणूस ओळखावा असं कुणाला वाटलं नाही.

पेपर तपासायला आष्टीकर सरांनी मला दिले. भूगोल मला येत नाही, म्हणून मी कुणाची बाजू घेणार नाही असा त्यांचा हिशोब. भुजंग सरांनी लिहून दिलेली आदर्श उत्तरं सोबत होती. मी ती समोर ठेवून तपासत गेलो. दिशा बऱ्याच जणांची बरोबर. ऋतू बहुतेकांचा बरोबर. शेवटच्या प्रश्नाचं आदर्श उत्तर होतं, दुपारी बारा. आणि जवळजवळ सगळ्या वर्गानं लिहिलं होतं, संध्याकाळ.

एकट्या संपत नावाच्या मुलानं दुपार लिहिली होती. कारण दिलं होतं, लग्न दुपारीच असतं. मी त्याला पूर्ण गुण दिले. बाकी वर्ग नापास.

मी तो गठ्ठा घेऊन सरांच्या अंगणात गेलो. ते खाटेवर बसले होते. नंदाबाई मेथी निवडत होत्या. मी निकाल सांगितला. सरांचा चेहरा उतरला. पहिलं वाक्य ते बोलले, "कॉपी केली. एकानं लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं."

मला तसं वाटत नव्हतं, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. मी वाचून दाखवू लागलो. घोड्याची सावली घोड्यापेक्षा लांब आहे. माणसांनी डोळ्यांवर हात धरलेला नाही. मग द्वारका नावाच्या मुलीचं उत्तर आलं. तीच ती, बाजार सोबत फिरवणारी. तिनं लिहिलं होतं, देवळाचं दार दक्षिणेला आहे आणि ते आपल्याला दिसतं, म्हणून फोटोत उजवीकडे पूर्व. सावल्या उजवीकडे पडल्या आहेत. म्हणून ऊन पश्चिमेकडून येतं. दिवस मावळायला आला आहे. बँडवालेही थकलेले दिसतात.

सर उठले. आत जाऊन फ्रेम घेऊन आले. मांडीवर ठेवली. मे महिन्यात बाराला आपल्याकडे सावली पायाखाली येते, हे त्यांनीच मला उन्हात उभं करून दाखवलं होतं. फोटोत घोड्याची सावली ढोलवाल्याच्या पायांपर्यंत गेली होती. रोज जाता-येता भिंतीवर दिसणारा फोटो.

शेवटी ते म्हणाले, "स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उलटी धरून छापला असंल."

"मंग सावल्या पश्चिमेला झाल्या," नंदाबाई मेथीवरून मान न उचलता म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही सकाळी सातलाच आल्ते म्हणा. आमच्या घरी तवर चूल बी पेटली नव्हती."

मी हसू दाबलं. सर फोटोवर आणखी वाकले. ढोलावर बँडचं नाव होतं आणि खाली भोकरदन. अक्षरं सरळ होती.

"सरळ छापलाय," ते म्हणाले.

नंदाबाईंनी काड्या सुपात भरल्या आणि आत गेल्या. तेरा वर्षांनी जिंकलेली बाई इतकी शांत असेल असं मला वाटलं नव्हतं.

मला वाटलं होतं तेवढं हे सोपं नव्हतं. आदर्श उत्तर बदलायचं तर आष्टीकर सरांच्या शाळेत एक रीत होती. ज्यानं ते लिहून दिलं त्यानंच सगळ्या शिक्षकांसमोर उभं राहून कारण सांगायचं. आणि त्या बैठकीचं इतिवृत्त मच्छिंद्र लिहीत असे. न बदलावं तर काहीच करायचं नव्हतं. वर्ग नापास, अट संपली, पुन्हा टिपा लिहा. सरांची इज्जत शाबूत.

"संपतला पूर्ण मार्क दिले तुम्ही?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्या उत्तराप्रमाणे."

"फोटोकडं न बघता लिहिलं त्यानं."

"हो."

"माझ्यासारखंच," ते म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले.

बैठक दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत झाली. मच्छिंद्र पेन उघडून बसला होता. त्याला घरून काही कळलं होतं की नाही, हे त्याच्या तोंडावरून कळेना. भुजंग सर उभे राहिले. आदर्श उत्तर चुकलं, मुलांचं बरोबर आहे, एवढं म्हणून त्यांनी सावल्यांचं सगळं फळ्यावर काढून दाखवलं. छान शिकवलं. आष्टीकर सरांनी विचारलं, की मग दुपार लिहिलीच कशी? तुमचाच फोटो ना?

सरांनी खडू ठेवला.

"मी बाराला मारुतीच्या दारात नव्हतो. पाच वाजून गेल्ते."

मच्छिंद्रचं पेन थांबलं. मग सरांनी बाकीचंही सांगितलं, कुणी विचारलं नसताना. वरातीचा ट्रक नेहमीच्या वाटेनं भोकरदनवरून जाणार होता. सर तेव्हा नुकतेच शिकून आलेले. खिशात तालुक्याचा नकाशा. नकाशात त्यांना जवळची वाट दिसली, त्यांनी ड्रायव्हरला ती घ्यायला लावली. ती तुटक रेघ होती. तुटक रेघ म्हणजे बैलगाडीची वाट. वाटेतली नदी कोरडी होती, पण पात्रात रेती होती. ट्रक मधोमध रुतला. दोन-तीन शेतांवरचे बैल आणून ओढून काढेपर्यंत दुपार टळली. बँडवाल्यांनी ढकलायला मदत केली, म्हणून ते थकलेले.

"वरातीतल्या सगळ्यांना मी सांगितलं, कुणी बोलायचं न्हाई. मी बाराला पोचलो म्हणून सांगायचं. मंग मीच इतकं सांगितलं की मला तसंच आठवायला लागलं. घोड्यावर बसलो तवा डोक्यावर ऊन होतं, हे बी आठवतं."

खोलीत कुणी हसलं नाही, मग सगळेच हसले. आष्टीकर सर म्हणाले, की म्हणजे तुम्हीसुद्धा पाठच केलं होतं. भुजंग सरांनी मान डोलावली.

मी मच्छिंद्रकडे बघत होतो. इतकी वर्षं वाट पाहिलेला डाव हाती आला होता. त्यानं विचारलं, "दाजी, इतिवृत्तात बैल लिहू का?"

"लिही. किती जोड्या ते विचारू नको."

पेपर मी पुन्हा तपासले. निम्म्याहून बरीच जास्त मुलं पास झाली. आष्टीकर सरांनी वार्षिकची परवानगी दिली, फक्त यापुढं फोटो घरचा नको म्हणाले. संपत मात्र गुण कापल्याची तक्रार घेऊन आला. त्याचं म्हणणं, लग्न दुपारीच असतं, पत्रिकेवर लिहिलेलं असतं. सर म्हणाले, पत्रिकेवर असतं खरं. आणि त्याला फ्रेमसमोर बसवून पुन्हा बघायला लावलं.

दिवाळीत सर सासुरवाडीला गेले. पुढचं मला नंदाबाईंनी सांगितलं. त्यांचे वडील तातेराव ओसरीवर बसले होते. सरांनी फराळाला हात लावायच्या आधी त्यांना सांगितलं, त्या दिवशी उशीर आमच्याकडून झाला, तुमचं अन्न आमच्यामुळं गार झालं. म्हाताऱ्यानं विचारलं, कोणत्या वाटेनं आल्ता? सरांनी जमिनीवर बोटानं काढून दाखवली. तातेरावांनी ती नीट पाहिली, आपल्या काठीनं एक वळण दुरुस्त केलं आणि म्हणाले, "तिथं आता पूल झालाय. जाताना तिकडून जा. बराबर पोचता."