भीमतालची नाव

आमचे हे गेले, त्यानंतरच्या हिवाळ्यात मुलीने मला नैनिताल-भीमतालच्या सहलीला पाठवलं. झरीहून मी एकटीच निघाले. सहलीच्या बसमध्ये बाकी सगळी जोडपी होती. माझ्या शेजारच्या सीटवर पाण्याच्या बाटल्यांचं खोकं ठेवलेलं होतं.

भीमतालला एका नावेत दोघांनी बसायचं होतं. गाईड म्हणाला, "मावशी, तुमच्यासोबत मी येतो." मला बरं वाटलं. नावाड्याने नाव तळ्याच्या मध्यावर नेली. डोंगराची सावली पाण्यावर पसरली होती आणि गार वारा कानात शिरत होता.

मी म्हणाले, "आमच्याकडं आता तुरी काढायलेत."

"हो का?" तो म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पुढच्या मुक्कामाच्या खोल्यांवरून त्याचं बोलणं नाव काठाला लागेपर्यंत चाललं. मी शालीत हात घालून पाण्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी सांगितलं, "गाईड लय चांगला हाय. नावेत माझ्यासोबत बसला."

"बघ आई, म्हटलं नव्हतं का, सोबत मिळेल म्हणून?"

तिचा आवाज इतका मोकळा झाला होता, की मी नुसतं हो म्हणाले.