मिस्त्रींचे मुंगळे

मिस्त्रींचा जीव दोनच गोष्टींत होता, बायकोत आणि मुंगळ्यांत. क्रम त्यांना विचारू नये. खाली त्यांचं सुतारकामाचं दुकान, वर घर. लाकडाला वाळवी लागली की मिस्त्री औषध मारत नसत. बायकोच्या डब्यातली साखर पाण्यात विरघळवून तिची धार मुंगळ्यांच्या बिळापासून थेट त्या फळीपर्यंत सोडत. मुंगळे येऊन वाळवी उचलून न्यायचे आणि मिस्त्री गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचे, "ही आपली माणसं. पगार मागत नाहीत."

पगार ती माणसं वर जाऊन त्याच डब्यातून परस्पर घेत. डबा पाण्याच्या ताटलीत ठेवून ठेवून बाईंच्या नाकी नऊ आले होते.

एक दिवस जिन्याखालच्या कोरड्या वाळूत बाईंना नरसाळ्यासारखे खळगे दिसले. एक मुंगळा काठावरून घसरला, तळातून कुणीतरी त्याच्यावर वाळू उडवली, दोन चिमटे वर आले आणि मुंगळा गडप! बाईंना एवढा आनंद स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. साखरेत सापडलेला एकेक मुंगळा त्या आता खळग्यात नेऊन सोडू लागल्या.

मिस्त्रींना हे कळलं तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं.

"माझी माणसं किड्यांना खाऊ घालतेस?"

"हो, घालते! आता या घरात एक तर तुमचे मुंगळे राहतील, नाहीतर मी. चालले मी ताईकडे!"

बाई तरातरा वर गेल्या आणि कपाटावरून बॅग ओढल्याचा आवाज आला. धमक्या पुष्कळ झाल्या होत्या, पण बॅग कधी निघाली नव्हती. मिस्त्री हबकले, आणि सगळा राग किड्यांवर काढायला फावडं घेऊन वाळूपाशी गेले.

पहिला खळगा उकरला तर मसुरीच्या दाण्याएवढा, धुळीने माखलेला किडा निघाला आणि उलट्या पावली वाळूत घुसला. मिस्त्री फावडं टाकून बघतच बसले. किड्याने गोल गोल फिरून नवा खळगा केला. काय सफाई होती कामात! चालतोय का बघावं म्हणून मिस्त्रींनी आपलाच एक मुंगळा उचलला, मनातल्या मनात त्याची माफी मागितली आणि आत सोडला.

"अहो!"

जिन्यावर बाई उभ्या होत्या, हातात बॅग. मिस्त्री ओशाळले. पण बॅग बघून त्यांना खरंच भरून आलं.

"जाऊ नकोस गं. तुझ्याशिवाय मला करमायचं नाही. वाळवीला औषध आणतो. मुंगळे सगळे घालवतो, एकसुद्धा ठेवत नाही."

"सगळे?" बाईंनी बॅग पायरीवर टेकवली आणि काळजीने खळग्यांकडे बघितलं. "मग हे बिचारे खातील काय?"