मागच्या खोलीतली शेगडी

फोन आला तेव्हा मी खिडकीवर होते. नंदुरबारच्या एका दवाखान्यात सरकारी आरोग्य योजनेची खिडकी आहे, तिथे मी काम करते. समोर धडगावकडचा एक माणूस उभा होता, पहाटेच्या जीपने घाट उतरून आलेला, बाकावर बसवलेल्या बायकोकडे पुन्हा पुन्हा वळून पाहणारा. फोन माझ्या थोरल्या भावाचा, नानांचा. "कोकिळा गयी," एवढंच म्हणाले. मी त्या माणसाचे कागद पूर्ण केले, त्याच्या बायकोला वॉर्डात पाठवलं आणि मग पिशवी उचलली. कुणाला हे कोरडेपणाचं वाटेल. पण त्या बाईचं ऑपरेशन फुकट होणार होतं, आणि ते माझ्यामुळे एक दिवसही पुढे जावं असं मला वाटत नव्हतं. कोकिळाच्या बाबतीत दिवस पुढे जाण्याचं काय होतं, ते मी पाहिलं होतं.

कोकिळा माझी भावजय, धाकट्या रमणची बायको. तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळ आमचं गाव, तिथे नाना आणि रमण एकाच घरात राहतात, शेती एकत्र, माय अजून आहे. मोठी वहिनी आणि कोकिळा या दोघींचं स्वयंपाकघर. सख्ख्या बहिणींसारख्या राहायच्या असं लिहिणार नाही, भांडायच्या पुष्कळ. पण खापरावर मांडे करायचे म्हटले की भांडण बंद. आमच्याकडे मांडे करायला दोघी लागतात. एक पुरणाची पोळी हातांवर झुलवत कोपरापर्यंत मोठी करते आणि पालथ्या खापरावर टाकते, दुसरी खालचा विस्तव सांभाळते. कोकिळाच्या हातावर मांडा फाटलेला मी कधी पाहिला नाही. मोठी वहिनी विस्तवाशी बसून तिला टोमणे मारायची, ही पोळी करते की लुगडं वाळत घालते, म्हणून.

तिला धाप लागते हे आम्हाला बरंच उशिरा कळलं, कारण ते लपवायची तिची एक रीत होती. गच्चीवर पापड, बिबडे वाळत घालायला जाताना ती जिन्याच्या मधल्या वळणावर थांबायची आणि मला काहीतरी लांबलचक विचारायची. नंदुरबारला यंदा मिरची किती आली, दवाखान्यातली ती जाडी नर्स अजून तशीच ओरडते का... मला बोलायला लावायची आणि तेवढ्यात श्वास गोळा करून घ्यायची. मला वाटायचं, हिला चौकशा फार. माय खालून ओरडायची, "कोकिळा, जिनावरच संसार मांडशी का?"

शेवटी एकदा पायांना सूज आली तेव्हा मी तिला ओढूनच डॉक्टरकडे नेलं. लहानपणी सांधे धरून ताप यायचा, त्यात हृदयाची झडप खराब झाली होती. बदलायला हवी, वेळेत बदलली तर चांगली जगेल, असं डॉक्टर स्वच्छ म्हणाले. असली ऑपरेशनं योजनेत होतात, मी रोज पाहते. पण तेव्हा योजना पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाला होती. आमचं कार्ड पांढरं. सगळी जमीन एकत्र, सगळे एका कार्डावर, त्यामुळे कागदावर आम्ही मोठे बागायतदार. दोन भावांचे दोन संसार वेगळे मांडले की त्या नियमात रमणचं कार्ड केशरी होत होतं. नानांनी आधी नदीकाठचं शेत विकायचं काढलं, तर हिने जेवण सोडलं. घरातलं शेत आपल्या पायी जाऊ द्यायचं नाही, हा तिचा हट्ट. मग उरलं ते कार्ड वेगळं करणं.

आता रेशनकार्ड वेगळं करणं म्हणजे नुसता अर्ज नव्हे. चूल वेगळी असावी लागते, आणि ती आहे की नाही हे पाहायला माणूस येतो. गावात चूल वेगळी झाली याचा एकच अर्थ होतो, घर फुटलं. मला भीती मायची होती. पण माय बाजेवर बसून सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "चूल दोन व्हवोत, पन ती जगाले जोयजे." ती जगली पाहिजे, हे मायनेच म्हटलं. नाना शहाद्याहून एका बर्नरची गॅसची शेगडी घेऊन आले. मागच्या खोलीत ओटा केला, चार भांडी मांडली. मोठ्या वहिनीने स्वतःच्या हाताने मिठाचा डबा आणून ठेवला आणि बाहेर जाऊन बसली.

चौकशीचा माणूस आला तो भला होता. मागची खोली पाहिली, शेजारच्या दोघांना विचारलं, पाणी प्यायला. मग सहज बोलल्यासारखं कोकिळाला म्हणाला, "ताई, स्वयंपाक वेगळा करता ना?"

कोकिळा पदराला हात पुसत उभी होती. म्हणाली, "नही भाऊ. एकच चूल शे."

रमण जमिनीकडे पाहत राहिला. त्या माणसाने लगेच कागद मिटले नाहीत. त्याने तेच पुन्हा, शब्द बदलून विचारलं. तिला दुसरं उत्तर देता यावं म्हणून थांबलाही. ती म्हणाली, बसा, चहा टाकते, आणि चहा टाकायला गेली ती थेट मोठ्या चुलीकडे.

मी तिला खोलीत घेऊन जे बोलायचं ते बोलले. एक 'हो' म्हणायचं होतं, तेवढंही जड झालं का? ती रडली वगैरे नाही. म्हणाली, "ताई, जी चूलवर मी हात भाजी लिधात, ती मन्ही नही असं कसं सांगू?" आणि मग जरा हसून, "आनि मोठ्या वहिनीजोडे खापरसमोर कोन बसी?"

मला तिचा राग आला होता. अजूनही येतो. पुन्हा अर्ज करू म्हटलं की ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊ दे म्हणायची, मग कापूस वेचून होऊ दे, मग मायचं दुखणं सरू दे. गोळ्यांवर ती बरी दिसायची, आणि बरी दिसणाऱ्या माणसाला घरात कुणी ढकलत नाही. पुढे नियम बदलला. पांढरं कार्डही चालेल, कुणाचीच चूल पाहायची गरज नाही. मी त्याच संध्याकाळच्या एसटीने गावी गेले, दुसऱ्या दिवशी तिला घेऊन तपासणीला निघाले. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिले. फुफ्फुसांवरचा दाब फार वाढला आहे, आता हे हृदय ऑपरेशन सोसणार नाही, म्हणाले. परतताना गाडीत तिने मला विचारलं, तोरणमाळला थंडीत लोक कसं करत असतील. मी सांगत राहिले, प्रकाशाचा पूल येईपर्यंत. सपाट रस्ता, बसायला गाडी, आणि तरी तिला श्वासासाठी माझं बोलणं लागत होतं...

योजनेवर मी टीका करणार नाही, तिच्यामुळे घरी चालत गेलेली माणसं मोजता येणार नाहीत इतकी आहेत. चौकशीला आलेला माणूसही चुकला नाही. नियमाला घर म्हणजे कार्ड वाटत होतं आणि कोकिळाला घर म्हणजे चूल. दोघांपैकी कुणी एक जरा वेळेवर वाकलं असतं, तर आज मी हे लिहीत बसले नसते.

आखाजीला मी माहेरी गेले. यंदा पितरांच्या घागरीत तिचीही घागर होती. मोठ्या वहिनीने खापर चढवलं, विस्तवाशी बसली आणि समोरची जागा मोकळी ठेवून वाट पाहत राहिली. मी बसले. माझे मांडे फाटले, एकामागून एक. वहिनीने एकही टोमणा मारला नाही. घागरीपुढे तेच फाटके ठेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या खोलीतून भांड्याचा आवाज आला म्हणून गेले. रमण त्या शेगडीवर स्वतःपुरता चहा करत होता. मोठ्या चुलीकडे जाववत नाही, म्हणाला. तिथे ती दिसते. दुपारची भाकरीही आता तो इथेच आणून गरम करतो. आता चौकशीला कुणी आलं असतं, तर चूल वेगळी आहे हे त्याला खोटं न बोलता सांगता आलं असतं.