संथेची सवय

श्रीगणेश आणि शारदा यांना वंदन करून, गुरुपौर्णिमेनिमित्त जोयडा गावातील एका शिक्षिका बाईंचे ऋण स्मरतो.

मुलांनी घोकण्याऐवजी वस्तू हाताळून शिकावे, ही नवी पद्धत सहकारी शिक्षकांना पटवण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यांना ती न पटती, तर कागदावरच राहती. माझे बालपण पाठशाळेत गेलेले. गुरूंनी एकदा म्हणावे, आम्ही दोनदा. जोयड्यात शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात नकळत मी तशीच संथा देऊ लागलो. 'घोकंपट्टी नको' हे वाक्यही सर्वांकडून दोनदा म्हणवून घेतले.

मागे बसलेल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "गुरुजी, घोकू नका म्हणतासा, अन् तेच आमच्याकडनं घोकून घेतासा व्हय?"

सारे हसले. मी ओशाळलो, मग मलाही हसू आले. "बाई, आता तुम्हीच शिकवा," म्हणून मी खाली बसलो.

बाईंनी पिशवीतले चिंचोके आमच्यापुढे ओतले आणि काहीही न सांगता सारखे वाटे करायला लावले. भागाकार आमचा आम्हालाच सापडत गेला. रामनगरला परतायची बस आल्याची हाक आली, तरी कोणी उठेना.

चूक हसत दाखवणारी अशी माणसे, वाचकहो, तुम्हालाही लाभोत आणि तुमचे घर लेकरांसह सुखी राहो.