बसलेला माणूस

त्या जेसीबीवाल्याचं सांगायला लागलो की मी अजूनही खुर्चीतून उठतो. उमरग्याजवळ जुन्या दफनभूमीलगत रस्ता रुंद करताना त्याच्या मशीनला हाडं लागली. आमची एसटी तिथंच अडकलेली, म्हणून मी पळतच पुढं गेलो. खड्ड्यात मांडी घातलेला सांगाडा होता. लिंगायतांत मेलेल्याला बसवूनच पुरतात.

"ढकल बाजूला," मुकादम ओरडला.

जेसीबीवाला उतरला. चपला काढून त्यानं हात जोडले, गळ्यातला गमछा सांगाड्यावर पांघरला आणि किल्ली खिशात घातली.

"बसल्या माणसाला असं उठवतेत व्हय? ह्यांच्या लोकांना बोलवा. तवर मशीन हलायची न्हाय."

मुकादम लई तापला. हा मात्र काठावर, सांगाड्यासमोर मांडी घालून बसला.

मी व्हिडिओ काढत होतो. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी मोबाइल खिशात घातला आणि चपला काढल्या.