टी-शर्टचं माप

हॉस्पिटलात तिला सगळे ड्यूटीबाई म्हणत. एकतीस वर्षं तिनं नर्सेसच्या पाळ्या लावल्या. लहान मुलाच्या शिरेत सुई घालताना कुणाचा हात थरथरत नाही, कुणाला ऑपरेशनच्या खोलीत उभं केलं की तापट सर्जनही आवाज खाली आणतो, हे तिला तोंडपाठ होतं. एका नव्या मेट्रननं अतिदक्षता विभागातल्या कसलेल्या नर्सला चादरी मोजायला बसवलं, तेव्हा ड्यूटीबाई तिच्याशी अशी भांडली की पुढे सहा महिने दोघी कामापुरतंच बोलत होत्या. चुकीच्या जागी उभं केलेलं माणूस तिला बघवत नसे.

निवृत्त झाल्यावर हे सगळं सुटेल असं तिला वाटलं होतं. पण मग दादाचं प्रकरण घडलं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. वहिनी गेल्यावर तो तिच्याकडेच राहायला आला होता. चाळीस वर्षं त्यानं इमारतींचे नकाशे काढले, त्यातही जिने, उतार आणि लिफ्ट ही त्याची खासियत. मितभाषी माणूस. दोन गल्ल्या पलीकडे व्हीलचेअरवर वावरणाऱ्या लोकांसाठी काम करणारी एक संस्था होती. तिथे स्वयंसेवक हवेत अशी पाटी त्यानं वाचली आणि पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात मोजपट्टी आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली घेऊन तो गेला.

त्याला पाकिटं चिकटवायला दिली. पुढच्या आठवड्यात खुर्च्या लावायला. त्याच्या पुढच्या आठवड्यात एका कार्यक्रमात कापडी फलकाचं एक टोक धरून फोटोसाठी उभं केलं. ड्यूटीबाईनं विचारलं तर म्हणाला, "असू दे गं, त्यांची पद्धत असेल."

मात्र एक गोष्ट त्यानं पहिल्याच दिवशी पाहिली होती. दारासमोरचा उतार फार चढा होता. दीड फूट उंची चढायला अठरा फूट लांबी लागते. इथे जेमतेम सात फुटांत सगळं उरकलं होतं. त्यानं ते संस्थेच्या कार्यवाहांच्या कानावर घातलं. कार्यवाह गोड बोलणारे गृहस्थ. "काका, तुम्ही कशाला त्रास घेता? ठेवतो कमिटीपुढे," म्हणाले आणि चहा पाजून त्याची बोळवण केली. दादानं घरी जेवणाच्या टेबलावर तीन दिवस बसून नकाशा काढला आणि नेऊन दिला. त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही.

पाचव्या आठवड्यात तिथे शिवणकाम शिकवणाऱ्या बाई त्या उतारावरून वर जाताना व्हीलचेअरसकट मागे उलथल्या. उजवं मनगट मोडलं. कात्री धरायचा हात.

दादा घरी आला, बूट न काढताच खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मी आणखी जोरात सांगायला हवं होतं."

हे ऐकलं आणि ड्यूटीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक कुणाची आणि मनाला लावून घेतंय कोण! दुसऱ्या दिवशी सकाळी ती संस्थेच्या कचेरीत जाऊन बसली. आवाज चढवला नाही. दादानं भरलेला नावनोंदणीचा कागद तेवढा दाखवा म्हणाली. त्यावर नाव, पत्ता, फोन, रक्तगट आणि टी-शर्टचं माप. बस.

"माणूस जन्मभर काय करत आला हे विचारायला तुमच्याकडे एक ओळ नव्हती," ती म्हणाली. "छातीचं माप मात्र हवं होतं."

कार्यवाह ओशाळले. टी-शर्ट एका देणगीदारानं दिले होते, म्हणून तो रकाना, असं काहीबाही सांगू लागले. मग तिनं नकाशा मागितला. शोधाशोध झाली. सापडला तो प्रिंटरखाली. प्रिंटर डुगडुगत होता म्हणून कुणीतरी नकाशाची आठपदरी घडी करून एका पायाखाली सरकवली होती.

त्या दिवसापासून ती जिथे जाईल तिथे स्वयंसेवकांना काय काम देतात याची चौकशी करू लागली, आणि जे कळत गेलं त्यानं तिची तिडीक वाढतच गेली. एका ठिकाणी हिशेबतपासनीस फुगे फुगवत होता. एका ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ बाईंना पार्किंग सांभाळायला लावलं होतं. पण तज्ज्ञ मंडळीही काही धुतल्या तांदळाची नव्हती. मूकबधिर मुलांच्या एका शाळेला कुणा संगणकवाल्यानं हौसेनं वेबसाइट करून दिली आणि पासवर्ड न देताच तो परदेशी निघून गेला. शाळेचा फोन नंबर बदलला, तरी वेबसाइटवर दोन वर्षं जुनाच. पालक त्या बंद नंबरावर फोन करत राहिले.

ड्यूटीबाईनं ठरवलं, संस्थांनाच शिकवायचं. वाचनालयाचं सभागृह मिळवलं, अकरा संस्थांना पत्रं पाठवली. एका शनिवारी सात संस्थांची माणसं आली. तिनं फळ्यावर लिहिलं: काम नेमकं काय, कधीपर्यंत, ते करायला कसलं कसब लागतं, आणि स्वयंसेवकानं काही सुचवलं तर त्याला हो किंवा नाही कोण सांगणार. एवढं कागदावर उतरेपर्यंत कुणालाही बोलवायचं नाही, असं तिनं बजावलं.

मागच्या रांगेत कार्यवाह बसले होते. ते येतील असं तिला वाटलं नव्हतं. ते हात वर करून म्हणाले, "काम लिहून द्यायचं, मुदत घालायची, म्हणजे ही नोकरीच झाली. लोक फुकट येतात हो. त्यांच्याकडून असं हक्कानं मागायचं कसं?"

"मागू नका. पण मग त्यांनी आपणहून दिलेलं तरी वाचा," ती म्हणाली. "माणूस पैसे घेत नाही म्हणून त्याचा शब्द स्वस्त होत नाही. माझ्या भावानं फीचं बिल पाठवलं असतं ना, तर तो नकाशा तुम्ही त्याच दिवशी उघडला असता."

तेवढ्यात दाराजवळून कुणीतरी बोललं. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. शिवणाच्या बाई. कार्यवाहच त्यांना गाडीतून घेऊन आले होते.

"तुमचं दोघांचं चालू द्या," बाई म्हणाल्या. "पण नकाशा काढलाय हे मला मी पडल्यावर कळलं. काकांनी यांना सांगितलं, यांनी कमिटीला सांगितलं असेल नसेल. मी रोज त्या उतारावरून जाते. मला कुणीच नाही विचारलं. तुमच्या या फळ्यावरसुद्धा मी कुठे दिसत नाही."

ड्यूटीबाईचा चेहरा उतरला. इतकी तावातावानं बोलत होती, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांचा रकाना तिच्याही कागदात नव्हता. तिनं खडू उचलला आणि सगळ्यात वर लिहिलं: हे काम हवंय कोणाला, आणि त्यांना विचारलं का?

पहिला कागद कार्यवाहांनीच लिहिला, उताराचा. हो-नाहीचा अधिकार शिवणाच्या बाईंकडे दिला. दादा आधी तयार होईना. पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही म्हणाला. शेवटी बाईंनीच त्याला फोन केला. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही. दुपारी मोजपट्टी घेऊन बाहेर पडला. समोर सलग जागा नव्हती, म्हणून नऊ-नऊ फुटांचे दोन टप्पे आणि मध्ये वळायला सपाट जागा, असं त्यानं काढलं. बाईंनी कठडा नापास केला. बसलेल्या माणसाच्या हाताला तो उंच होत होता. दादानं तक्रार न करता पुन्हा काढला, आणि कितीतरी दिवसांनी रात्रीच्या जेवणाला दुसरी पोळी मागून घेतली.

उतार चार महिन्यांत उभा राहिला. सात संस्थांपैकी तिघींनी आपले कागद बदलले. मूकबधिरांच्या शाळेनं नवा संगणकवाला घेतला तो पासवर्ड मुख्याध्यापिकेच्या हाती राहील असं लिहून घेऊनच. बाकीच्या चौघी माना डोलावून गेल्या आणि त्यांचं फुगे फुगवणं चालूच आहे.

संस्थेनं उताराचं उद्घाटन ठेवलं, पाहुणे बोलावले. ड्यूटीबाई गेली नाही. इमारत उठली त्याच दिवशी जो उतार हवा होता, त्याची फीत कसली कापायची, असं तिनं कार्यवाहांना तोंडावर सांगितलं. शिवणाच्या बाईही त्या दिवशी वर्ग घेत आत बसून राहिल्या. त्यांचं मनगट आता पुरतं वळत नाही. जाड कापड त्या विद्यार्थिनींकडून कापून घेतात. ड्यूटीबाई संस्थांसाठी अजूनही वर्ग घेते, त्या प्रत्येक वर्गात हे सांगते, आणि सांगताना तिचा आवाज अजूनही चढतो.