अर्ध्या प्रश्नाचा कौल

देवीशी मी खोटं बोलले नव्हते, फक्त अर्धंच सांगितलं होतं. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता मलाच त्याचा कंटाळा आला आहे. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. गेल्या वर्षी भाद्रपदात जी भीती माझ्या मानगुटीवर बसली, तिचं मूळ या अर्ध्यात आहे असं मला तेव्हा वाटत होतं. आजही थोडंसं वाटतं.

मी रत्नागिरीत नाच शिकवते आणि बसवते. सातव्या वर्षापासून भरतनाट्यम शिकले, पुढे तिशीत बंगळूरला दोन वर्षं राहून कंटेम्पररी हा आधुनिक नाच शिकून आले आणि तेव्हापासून दोन्हींची सरमिसळ करते. शास्त्रीयवाल्यांना मी बिघडलेली वाटते आणि नव्या मुलांना सोवळी. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. आमच्या भरतनाट्यममध्ये गुडघे वाकवून अर्धं बसायचं, जमिनीवर पाय आपटायचे, पण कणा ताठ ठेवायचा. कंटेम्पररीचा पहिला धडाच मुळी पडण्याचा. अंग सैल सोडून जमिनीला आपलं वजन कसं द्यायचं, न लागता कसं पडायचं, हे तिथे आठवडेच्या आठवडे शिकवतात. मला त्या पडण्याचं वेड लागलं. माझ्या प्रत्येक रचनेत कुणी ना कुणी पडतंच, यावरून नवरा मला चिडवतोसुद्धा.

माझं सासर राजापूरच्या पलीकडच्या एका गावात. तिथल्या ग्रामदेवीच्या देवळाचा नवा सभामंडप बांधून झाला आणि गावच्या मंडळींनी मला नवरात्रात देवीवर काहीतरी बसवा म्हणून सांगितलं. मी क्लासच्या सहा मुली घेऊन अर्ध्या तासाचा नाच रचला. विषय होता युद्ध संपल्यानंतरची देवी. शेवटी तिच्या हातातली शस्त्रं गळतात, ती थकते, आणि सगळा भार सोडून देऊन जमिनीवर आडवी पडते. देवीची भूमिका मीच करणार होते. त्या शेवटावर माझा फार जीव होता, आणि खरं सांगायचं तर गर्वही होता.

आमच्या गावात देवीला विचारल्याशिवाय देवळात पान हलत नाही. गुरव देवीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे फुलांच्या ओल्या पाकळ्या लावतो, हात जोडून गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हाच कौल. मीही रीतीप्रमाणे कौलाला गेले. गुरवकाका ऐंशीच्या घरातले, बोलायला कमी. त्यांनी विचारलं, "नाचात काय काय हाय, सूनबाय?" मी म्हटलं, "देवीची स्तुती आहे, काका. युद्ध आहे, विजय आहे." पडण्याचं बोलले नाही. म्हाताऱ्या माणसाला कुठे समजावत बसायचं, असा विचार केला. पण आतून ठाऊक होतं की 'देवी पडते' हे शब्द गाऱ्हाण्यात गेले तर काय होईल याची मला धास्ती होती. काकांनी मी सांगितलं तेवढंच देवीच्या कानावर घातलं. दोन मिनिटांत उजवी पाकळी सुटली. मी खुशीत घरी आले.

बरोबर आठव्या दिवशी सकाळी क्लासमध्ये मी मुलींना तो शेवट करून दाखवत होते. मान मागे टाकली आणि खोली फिरली. फिरली म्हणजे भिंती खरोखर धावायला लागल्या, खिडकी डोक्यावर आली, जमीन पायाखालून निघून गेली. मी खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले आणि ओरडले. मुलींना वाटलं, अभिनय आहे. एकीने तर वहीत लिहूनही घेतलं. मला घरी नेऊन निजवलं तेव्हा मी गादीच्या कडा घट्ट धरून पडले होते, आणि गादीही फिरत होती.

कानाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आतल्या कानात बारीक खडे असतात, ते जागचे हलले की तोल बिघडतो. त्यांनी माझं डोकं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, ठरावीक पद्धतीने वळवलं, आणि फिरणं थांबलंही. "परत होऊ शकतं, घाबरू नका," ते म्हणाले. पाचव्या दिवशी परत झालं. पुन्हा त्यांच्याकडे गेले, पुन्हा थांबलं. पण तोवर भीती घरात शिरली होती. मी भिंतीला हात लावून चालू लागले. कुशीवर वळायची हिंमत होईना. केस धुताना मान वाकवायला लागते म्हणून केस धुवायचं टाळू लागले. जिने टाळले, रिक्षा टाळली. ज्या बाईने शेकडो मुलींना पडायला शिकवलं, ती आता पडण्याच्या नुसत्या कल्पनेने गारठून जात होती. तालमीत मुली एकेक करून जमिनीवर पडायच्या आणि दर वेळी मी डोळे मिटून घ्यायचे. आपला नाच संपला, हे वाक्य मी मोठ्याने कुणाजवळ बोलले नाही, पण दिवसभर ते आत चालूच असायचं.

आणि त्याच्याही खाली दुसरी भीती होती, ती तर नवऱ्यालाही सांगता येण्यासारखी नव्हती. मी शिकलेली बाई. कानातल्या खड्यांचं मला कळत होतं. तरी रोज सकाळी डोळे उघडताना वाटायचं की देवीने धरलंय. तू मला पाडतेस काय, बघ आता कोण पडतं ते. देवघरात दिवा लावताना मी तिच्या तसबिरीकडे बघेनाशी झाले. लहानपणापासून जिला आई म्हटलं, तिच्यासमोर उभं राहायला मी घाबरत होते, आणि या गोष्टीचं दुःख चक्करीपेक्षा जास्त होतं.

कार्यक्रमाला तीन आठवडे उरले तेव्हा ठरवलं की जाऊन सगळं सांगायचं. नवऱ्याला बरोबर घेतलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून सासरी काम आहे असं सांगून एकटीच निघाले. राजापूरपर्यंत डोळे समोरच्या सीटच्या दांडीवर खिळवून बसले. तिथे गावाची एसटी धरली. घाटी चढताना पहिल्या दोन वळणांना निभावलं, तिसऱ्या वळणाला मागे वळून कुणाचीतरी पिशवी सरकवायला गेले आणि सगळं सुरू झालं. गाडी, झाडं, माणसं, सगळं एकमेकांत मिसळलं. त्या डब्यात कोंडून घेतल्यासारखं वाटलं आणि माझा धीर सुटला. घाटी संपून गाडी सड्यावर आली तशी मी कंडक्टरला म्हटलं, मला इथेच उतरवा. तो म्हणाला, "वैनी, हितं वस्ती नाय." मी ऐकलं नाही. पुढे गेलेल्या गाडीचा आवाज बंद झाला तेव्हा आपण काय केलं ते कळलं.

आमचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्याच्या शेवटी त्यावर बोटभर गवत असतं, बाकी आडोसा नाही, धरायला झाड नाही. मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले आणि दगड दोन्ही हातांनी धरला. उठायला गेले की जमीन तिरपी व्हायची. फोनला रेंज नव्हती. गाव दोन किलोमीटरवर असेल, पण मला दहा पावलंही जमली नसती. आयुष्यात इतकी घाबरलेली मी कधीच नव्हते. देवीला म्हटलं, आई, मी येतच होते ना गं सांगायला, मग वाटेतच का धरलंस? मग नुसतीच रडत बसले.

मागून छत्रीचं टोक टेकत कुणीतरी आलं. सत्तरीचा माणूस, पायात रबरी चप्पल, हातात प्लॅस्टिकची पिशवी. "बाय, काय झाला? चक्कर काय?" मी मान हलवली आणि तेवढ्यानेही सगळं फिरलं. तो पाणी देईल, बसा म्हणेल, असं वाटलं होतं. तो म्हणाला, "उठा. बसून ऱ्हायलात तर जास्त भ्या वाटता." मी म्हटलं, मी पडेन. तेव्हा त्याने छत्री आडवी धरली आणि तिची मूठ माझ्यापुढे केली. टोक स्वतःच्या हातात ठेवलं. परक्या बाईचा हात धरायचा नाही, एवढी रीत सांभाळून त्याने मला उभं केलं.

"मी तीस वर्सा बोटीवर होतो," चालता चालता तो म्हणाला. "डोळे मिटू नका. पायाकडे बगू नका, लांब बगा, त्या डोंगराच्या रेघेकडं. आनि गुडगे सोडा. बोट हलली तर मानसान तिच्यासंगती हलायचा. तिला थांबवायला गेला तो पडला."

मी गुडघे सोडले. हेच मी वीस वर्षं मुलींना सांगत आले होते, जवळजवळ याच शब्दांत, आणि इतके दिवस त्यातलं काहीही मला आठवलं नव्हतं. जमीन हलत होती, मी तिच्याबरोबर अंग हलू दिलं. काही पावलांनी पुन्हा धीर सुटला आणि मी छत्रीला लोंबकळले. म्हटलं, भीती जातच नाही. तो थांबला. "जायाची नाय ती. आमी दर्यात घाबरायचो, कारन खाली काय हाय ता म्हायत नसायचा. हितं खाली जांभा हाय. पडलात तर जांभ्यावर पडाल, आनि काय?" रडता रडता मला हसू आलं. गावाच्या फाट्यावर देवळाचा कळस दिसला तेव्हा त्याने छत्री काढून घेतली, "जावा आता," म्हणाला आणि दुसऱ्या रस्त्याने निघून गेला. मी नाव विचारलं नाही. तो देव होता असं मी म्हणणार नाही, त्याच्या पिशवीत औषधाच्या गोळ्यांची पाकिटं दिसत होती आणि देवाला गोळ्या लागत असतील असं वाटत नाही. पण त्या ओसाड सड्यावर त्या वेळी त्याला कुणी पाठवलं, हा प्रश्न मी कधी सोडवायला गेले नाही.

गुरवकाका जेवून देवळाच्या पायरीवर बसले होते. त्यांना पाहताच मी सगळं सांगून टाकलं. शेवटी देवी जमिनीवर पडते, ते मी लपवलं, म्हणून देवी कोपली आणि मला असं झालं. ते म्हणाले, "तुमी जेवढा इचारलात तेवढ्याचा कौल देवीन दिलान. बाकीचा राखून ठेवलान. कोपायचा काय त्यात?" आणि उठून हात धुऊन गाभाऱ्यात गेले.

या वेळी गाऱ्हाण्यात त्यांनी काहीच मागे ठेवलं नाही. लेकरान अर्धा सांगितला, पडायचा लपवलान, आता पुरा सांगायला आला हाय. मी खांबाला टेकून बसले होते. पाकळ्या हलेनात. डावी पडली तर माझा लाडका शेवट गेला, मुलींची दोन महिन्यांची मेहनत गेली, आणि त्याहून भयंकर म्हणजे देवी रागावली आहे हे पक्कं झालं. मी ताठ बसून डाव्या पाकळीवर डोळे रोखले होते, जणू माझ्या नजरेनेच ती चिकटून राहणार होती. मग केव्हातरी ते जमेनासं झालं. मान दुखली, अंग थकलं, आणि मी मनात म्हटलं, तुला हवी ती पाड.

डावी पाकळी पडली.

मी भीतीची वाट बघत बसले, आणि ती आलीच नाही. पहिल्या होकाराने मला सुखाचे जेमतेम आठ दिवस दिले होते, आणि या नकाराने छातीवरचा धोंडा उतरला. मी पुरं विचारलं होतं आणि तिने पुरं उत्तर दिलं होतं. रागावलेलं माणूस इतकं नीट उत्तर देत नाही. मी काकांना म्हटलं, देवी पडणार नाही. ती उभी राहील. मग भीत भीत विचारलं, तिच्यासमोर भक्त पडला तर? त्यासाठी कौल लावाल का? काका पाकळ्या गोळा करत होते. मागे न बघता म्हणाले, "देवळात मानसान देवीपुढं पडायला कवापासून कौल लागाया लागला?"

नवरात्रात नाच झाला. देवी माझ्या मोठ्या विद्यार्थिनीने केली, शेवटपर्यंत ताठ उभी. मी भक्त होते. घरी परतल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं होतं, तो पहिल्या रांगेत माझ्याहून जास्त घाबरून बसला होता. शेवटच्या गिरकीला चक्कर आलीच. समया फिरल्या, खांब फिरले. एका क्षणापुरती मी आवळले गेले, आणि मग गुडघे सोडले, खांदे सोडले, मान सोडली. पडले. कुठेही लागलं नाही. गाल थंड फरशीला टेकला होता, हात आपोआप पुढे गेले होते, आणि समोर गाभारा होता. इतकी वर्षं मी पडण्याचं तंत्र शिकवत होते, कुणाच्या पायाशी पडायचं ते मात्र कधी शिकवलं नव्हतं.

चक्कर अजूनही अधूनमधून येते, भीतीही तिच्याबरोबर येते. डॉक्टरांकडे जाते, आणि आईला नमस्कार करते. दोघांचे उपकार आहेत, आणि त्या छत्रीवाल्याचेही. नवरात्रातल्या त्या नाचात रचनेप्रमाणे मी चार मात्रांनंतर उठायचं होतं. मुलींना वाटलं, बाई विसरल्या. एकीने तर हळूच हाकही मारली. मी विसरले नव्हते. मला उठायची घाई नव्हती, इतकंच.